येल्त्येच्या पिशवीतलं पेपरमिंट

होल्वर्ड, १० नोव्हेंबर १९८७

प्रिय आउके,

कसा आहेस? तुझी बायको कशी आहे, येल्त्ये? तिचा उजवा गुडघा यंदा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागला का? शेजारचा डाउवे बरा आहे ना, आणि त्याचे कान? मेंढ्यांच्या खुरांचं काय झालं? तुमची म्हातारी कुत्री अजून पोस्टमनवर भुंकते की तिने त्याला आता माफ केलंय? मी बरी आहे. पाय सुजतात, पण माझेच पाय आहेत, जातील कुठे.

सगळ्यांचं विचारून झालं, आता तुझ्याकडे वळते. कार्डावर तू चार ओळी खरडल्यास. तीन मेंढ्यांवर, आणि शेवटची ही: 'ताई, आपल्या घरचं आंबट मलाही लागलं.' ते कार्ड मी चहाच्या डब्याला टेकवून ठेवलंय आणि येताजाता बघतेय. आईला आंबट होतं, बाबांना होतं, मला तर पहिल्या बाळंतपणापासून आहे. तू एकटाच सुटला होतास. हेरिंगवर मूठभर कच्चा कांदा, वर मोहरीत बुडवलेलं चीज, आणि तरी ढेकर म्हणून नाही! आम्ही बाकीचे छाती चोळत तुझ्याकडे बघत बसायचो.

असो. तू आता आमच्यात आलास, तर ऐक. ह्या जळजळीबरोबर मी जितकी वर्षं संसार केला तितकी वर्षं नवऱ्याबरोबरही झाला नाही. वाटाण्याचं दाट सूप रात्री नको, दुपारी चालेल, पण त्यातलं धुरी दिलेलं सॉसेज डाउवेला देऊन टाक. दुपारनंतर कॉफी बंद. लवंगांचं चीज बंद. मोहरीला हात लावू नकोस. तपकिरी घेवडा तर बाबा गेल्यापासून आपल्या घरात शिजलाच नाही, ते तुला वेगळं सांगायला नको. जेवून लगेच वाकायचं नाही, बुटाची नाडी येल्त्येला बांधायला सांग. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाल आणि डाव्या कुशीवर नीज. रात्री भूक लागलीच तर ताकातली जवाची पेज. खायच्या सोड्याच्या नादी लागू नकोस, तो पहिले चार दिवस मित्र असतो.

आणि आता हसू नकोस. हे सगळं सोडूनही दर रविवारी चर्चमधून घरी येईपर्यंत माझ्या घशाशी निखारा यायचा. मला वाटायचं, पाद्रीबुवांच्या प्रवचनाचाच गुण. मग वाचनालयाची बस येते ना बुधवारी, तिच्यात एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलंय की पोटाच्या तोंडाशी झाकण असतं आणि पेपरमिंट ते झाकण सैल करतं. पेपरमिंट, आउके! आपण त्याला कधी खाणं म्हटलंय का? प्रवचन सुरू झालं की पाकीट बाकावरून फिरतं आणि आपण एक तोंडात टाकतो, प्रार्थनेला डोळे मिटावेत तसं. मी सोडलं आणि निखारा गेला. बाकावरच्या बायका आता माझ्याशी तुटक वागतात, पण छाती थंड आहे.

फोनच करणार होते. पण गेल्या वेळी तू 'बरं बरं' म्हणून ठेवूनच दिलास.

लवकर लिही.
रेन्स्के


होलम, आमेलांड बेट, १८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सगळे बरे. डाउवेचे कान पूर्ण गेले, त्यामुळे तो आता आणखी सुखी आहे. खुरं सुधारली. कुत्रीने पोस्टमनला माफ केलेलं नाही. येल्त्ये ठीक.

तुझ्या हुकमाप्रमाणे विटा घातल्या. पहिल्या रात्री येल्त्ये पायथ्याकडे घसरली आणि मला विचारते, 'बोट सुटली का?' मी म्हटलं, सुटली, झोप. कॉफी सोडली. म्हणजे सकाळची एक ठेवलीय, तेवढं माझं माणूसपण राहू दे. सॉसेज डाउवेला दिलं. तो म्हणतो, तुझ्या बहिणीला सांग, मोहरीचंही काहीतरी वाईट कळलं तर बरणी इकडेच पाठव.

एवढं करूनही फरक नाही. आणि माझं आंबट जरा तऱ्हेवाईक आहे. तुझं जेवल्यावर येतं, माझं सकाळी, मेंढ्यांकडे जाताना. समुद्राच्या बांधाच्या पायऱ्या अर्ध्या चढलो की छातीच्या मधोमध पेटतं. तोपर्यंत पोटात पावाचा तुकडासुद्धा गेलेला नसतो. मग मी तिथेच थांबून ओहोटीच्या चिखलावरचे पक्षी बघतो. पक्षी बघून झाले की विझलेलं असतं. आदल्या रात्रीच्या जेवणाचंच काहीतरी शिल्लक राहत असणार. रात्री काय खाल्लं म्हणजे सकाळ बरी जाईल, ते तुझ्या पुस्तकात बघून कळव.

पेपरमिंटबद्दल माफ कर. ते सोडलं तर प्रवचनात मी घोरेन, आणि ते जास्त वाईट दिसेल.

फोन करू नकोस. आमचा फोन येल्त्येच्या खुर्चीशेजारीच आहे, तिला त्रास होतो.

आउके


होल्वर्ड, २४ नोव्हेंबर

प्रिय आउके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. येल्त्येबद्दल एकच शब्द, 'ठीक'. मेंढ्यांच्या खुरांना त्याहून जास्त जागा मिळाली. ती रागावलीय का माझ्यावर?

राग आला तरी मी बोलणारच. सकाळी उपाशीपोटी पेटतं, म्हणजे रात्रीचं जेवण जड आहे, आणि तुमच्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे येल्त्येचा तवा! तिचा हात मला ठाऊक आहे, इकडे यायची तेव्हा माझ्याच चुलीवर पाहिलाय. बटाटे परतायला ती जेवढी चरबी घालते तेवढ्यात मी एक आठवडा काढते. लग्नात आईने तिला सांगितलं होतं, 'आउकेला बारीक राहू देऊ नकोस,' ते तिने अजून मनावर घेतलंय. तिला वेगळी चिठ्ठी लिहून ह्याच पाकिटात घातलीय. गोड शब्दांतच लिहिलंय, घाबरू नकोस. उकडलेले बटाटे, वाफवलेला मासा, लोणी नखाएवढं.

पण त्या पायऱ्यांचं मला काही सुचत नाही. पुस्तक पुन्हा मागवलं तर ते तेर्नार्ड गावच्या कुणीतरी नेलंय. तू पक्षी बघायला केव्हापासून लागलास? लहानपणी मी बगळा दाखवला तर म्हणायचास, 'खाता येतो का?'

सगळं नीट लिही. मला इथे चैन पडत नाही.

रेन्स्के


होलम, १ डिसेंबर

ताई,

तू येल्त्येला चिठ्ठी लिहायला नको होतीस. पाकीट तिच्याच हाती पडलं. तिला वाटलं, तिच्या आईने लिहिलंय. ती दुपारभर चिठ्ठी हातात धरून रडत होती, की आईला माझा स्वयंपाक आवडत नाही. तिची आई जाऊन किती वर्षं झाली हे मी तिला सांगितलं असतं तर ती पुन्हा पहिल्यापासून रडली असती. म्हणून मी म्हटलं, आई गंमत करतेय.

आता तुला कळलंच आहे तर सगळंच लिहितो. येल्त्येने ह्या उन्हाळ्यापासून तवा हातात घेतलेला नाही. एकदा गॅस सोडून विसरली, एकदा बूट भट्टीत ठेवले. स्वयंपाक मी करतो. तू सांगतेस तेच, उकडलेले बटाटे आणि मासा, कारण दुसरं काही मला येतच नाही. तेव्हा माझ्या बायकोच्या चरबीला बोल लावू नकोस. ती चरबी आता असती तर मी बांधावर रोज पेटायला तयार असतो.

ती बाहेर निघून जाते. धक्क्यावर मी येणार म्हणून मला आणायला जाते, आणि मी मागून तिला आणायला जातो. मला बघून तिला आनंद होतो. 'आलास का?' म्हणते. रोज.

डॉक्टरकडे जा, असं तू आता लिहिशील. नाही जाणार. ऑक्टोबरात डॉक्टर तिच्यासाठी आला होता. चांगला आहे, तरुण आहे. खुर्चीत बसून म्हणाला, 'तुम्हालाच काही झालं तर समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवर, अशा माणसांना सांभाळणारी चांगली गृहं आहेत.' ती शेजारीच बसली होती. त्या रात्री तिने कपड्यांचं बोचकं बांधलं आणि फोन वाजला की अजून बांधते. मी त्याच्यासमोर छाती उघडी केली तर तो मला तपासायच्या आधी तिच्यासाठी गाडी बोलावेल. थोड्या आंबटापायी मी माझी बायको बेटावरून जाऊ देणार नाही.

आणि तुझ्या पेपरमिंटची गोष्टही खोटी निघाली. रविवारी येल्त्ये चर्चमध्ये बसली होती. भजनं तिला सगळी येतात, एक ओळ चुकत नाही. प्रवचन सुरू झालं आणि तिने पिशवीतून पेपरमिंट काढून मला दिलं. दिलेलं विसरली, पुन्हा काढून दिलं. पुन्हा. प्रवचन संपेपर्यंत ती देत होती आणि मी घेत होतो, नाही कसं म्हणू? दर वेळी तशीच हसून द्यायची, पहिलंच असल्यासारखी. पाकीट संपलं. आणि जळजळ? नावालासुद्धा नाही, ताई! राजासारखा बसलो होतो. परत येताना बांधावर समोरून वारा लागला, तिथे मात्र अशी पेटली की दाढांपर्यंत गेली. कुंपण धरून उभा राहिलो. येल्त्ये शेजारी उभी राहून बदकं मोजत होती. तेवढ्यात विझलं.

तेव्हा पुस्तक परत करून टाक.

आउके


होल्वर्ड, ३ डिसेंबर

आउके,

आधी येल्त्येबद्दल. मला माफ कर. तिलाही सांग, तिच्या आईला तिचे बटाटे फार आवडायचे.

आता नीट ऐक, आणि खुर्चीत बसून वाच.

मला एका पेपरमिंटने प्रवचनभर भाजतं. तू पाकीटभर खाल्लीस आणि राजासारखा बसलास. मी वाकले की पेटते, तू चढलास की पेटतोस. माझी आग उभं राहिलं की उतरते, तुझी थांबलं की विझते. मी जेवते तेव्हा मला होतं, तुला उपाशीपोटीही होतं. मी डॉक्टर नाही, पण आंबटाची ओळख माझ्याइतकी कुणाला नसेल, आणि तुझ्या छातीत जे आहे ते आंबट नाही, आउके. आंबटाला पायऱ्या कळत नाहीत. वारा कळत नाही.

काल मी बाबांचाच विचार करत होते. आपण काय सांगतो सगळ्यांना? घेवडा खाल्ला, आंबट चढलं आणि दुधाचे कॅन नेताना बांधावर कोसळून गेले. आईने त्यानंतर घरात घेवडा येऊ दिला नाही. पण आठव, चर्चच्या रस्त्यावर बाबा कसे थांबायचे. मूठ छातीवर ठेवायचे आणि म्हणायचे, 'थांबा रे पोरांनो, आंबट वर येतंय.' तू आणि मी खडे वेचत बसायचो. मग म्हणायचे, 'चला, गेलं.' ते नेहमी चढावरच यायचं. आपल्या घरात एकच शब्द होता, छातीत जे काही पेटेल ते आंबट. त्या शब्दाने त्यांना डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. बिचाऱ्या घेवड्याचा काही दोष नव्हता. हृदय होतं ते.

फोन उचलून हातात धरला होता, तुझ्या डॉक्टरचा नंबर लावायला. लावला नाही. तुझ्या पाठीमागे करणार नाही. पण तुझी अडचण एकच आहे ना, येल्त्येला कोण बघणार? मी बघणार. शनिवारच्या सकाळच्या बोटीने येतेय. हो, मीच. धक्क्याच्या शेजारी राहून आयुष्यभर बोटीत पाऊल न टाकलेली. माझं आंबट त्या बोटीत काय तमाशा करेल तो करू दे, निदान ते खरं आंबट आहे.

आणि हे दोनदा वाच. तोवर पायऱ्या चढू नकोस. डाउवेला मेंढ्यांकडे पाठव. आणि बसल्या जागी पेटलं, किंवा थांबूनही विझलं नाही, तर माझी वाट बघायची नाही, बोचक्याची काळजी करायची नाही, तत्क्षणी फोन करायचा. त्यांनी तुला नेलं तरी येल्त्येजवळ डाउवे बसेल, मी येईपर्यंत.

ह्याचं उत्तर लिहू नकोस. धक्क्यावर ये. बसने ये, सायकलने नको.

रेन्स्के


लेउवार्डन, हॉस्पिटल, १२ डिसेंबर

प्रिय ताई,

आडवा पडून लिहितोय, म्हणून अक्षर असं. वॉर्डातल्या फोनपुढे रांग असते आणि तिकडे फोन करायची मला भीती वाटते, म्हणून लिहितो.

हृदयाकडची एक वाट जवळजवळ बुजलीय म्हणतात. दुसरीही काही खास नाही. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, 'इतके दिवस काय वाटत होतं तुम्हाला?' मी म्हटलं, आंबट. ते म्हणाले, 'तुमच्या भागातले सगळे हेच म्हणतात.' त्यांना मी तुझी पेपरमिंटची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, 'अशी बहीण कुठे राहते?'

तू आल्यावर होलमला आपला डॉक्टर आला, त्याने जिभेखाली ती बारीक गोळी ठेवली आणि सगळं कसं विझलं, ते आठवतंय मला. इतके आठवडे विटा काय, पेज काय! आणि मग येल्त्ये दारात. बोचकं घेऊन. मला उचलून नेत होते आणि तिला वाटलं, आपल्यालाच न्यायला आलेत. तिचा तो चेहरा मी डोळे मिटले की समोर येतो. तू तिला काय सांगितलंस? डॉक्टर गृहाबद्दल पुन्हा बोलला का? खरं लिही. मला इथे सांभाळून घेऊ नकोस, तू तशी कधी नव्हतीस.

पुढच्या आठवड्यात मला ग्रोनिंगनला नेतील, तिथे छाती उघडून करायचं की नाही ते ठरेल. माझं मन त्यात नाहीच. शेजारच्या खाटेवरचा माणूस रोज गुपचूप कांदा घातलेली हेरिंग मागवतो आणि मग रात्रभर नर्सला हाका मारतो. त्याला तुझा पत्ता देऊ का?

ती जेवते का?

आउके


होलम, १६ डिसेंबर

प्रिय आउके,

कसा आहेस? आता उठून बसू देतात का? शेजारचा तो हेरिंगवाला कसा आहे? त्याला म्हणावं, आधी कांदा सोड, मग पत्ता मिळेल. आता इकडचं ऐक. डाउवे बरा आहे, मेंढ्या त्याचं ऐकत नाहीत आणि तो त्यांचं ऐकू शकत नाही, त्यामुळे भांडण नाही. कुत्री माझ्यावर भुंकते, पोस्टमनवर नाही. माझे पाय जास्त सुजलेत, पण इथे ते वर ठेवायला तुझी खुर्ची आहे.

येल्त्ये जेवते. सकाळी थोडं, दुपारी चांगलं. तुला नेलं त्या दिवशी ती बोचक्यावरच बसून राहिली. मी शेजारी जमिनीवर बसले. मग मला म्हणते, 'बाई, तुम्हाला कुठे न्यायचंय?' मी म्हटलं, मला कुठेच नाही, मी इथे राहायला आलेय. ती म्हणाली, 'मग चहा ठेवा.' चहा पिताना आम्ही बोचकं सोडलं. तुझे मोजे, एक परडी आणि अर्धं पाकीट पेपरमिंट होतं त्यात. त्यानंतर तिने बांधलेलं नाही. फोनची तार मी काढून ठेवलीय.

डॉक्टर परवा आला होता. गृहाचं नाव काढलं त्याने, खोटं बोलणार नाही. मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, ह्या घरात दोन पलंग आहेत, त्यातल्या एकाखाली विटा आहेत, आणि त्या विटांची गरज ज्या माणसाला आहे ते माणूस आता त्यावर झोपतं. आउके परत येऊन त्याला मेंढ्यांमागे चढता येईल तोवर मी हलत नाही, आणि त्यानंतरही हलेन असं नाही. तो म्हणाला, 'तुम्हाला बोट सोसली का?' मी म्हटलं, नाही. म्हणूनच परत जायची घाई नाही. तो हसला आणि पुढच्या मंगळवारी एका बाईला पाठवतो म्हणाला, येल्त्येच्या आंघोळीला. बस, एवढंच. गाडी नाही.

रविवारी आम्ही दोघी चर्चला गेलो. प्रवचन सुरू झालं आणि तिने पिशवी उघडली. मी एक घेतलं. मग दुसरं. तू लिहिलं होतंस ना, नाही कसं म्हणू, ते मला तिथे कळलं. माझी छाती भट्टीसारखी पेटली होती, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि पलीकडच्या बाकावरची बाई समजली की मी तुझ्यासाठी रडतेय. मी तिला तसंच समजू दिलं. थोडं खरंही होतं.

येताना आम्ही बांधावरून आलो. जिथे तू कुंपण धरलंस तिथे येल्त्ये थांबली, छातीवर हात ठेवला आणि बदकं मोजायला लागली. मी घाबरले. विचारलं, जळतंय का? ती म्हणाली, 'नाही हो. इथे थांबायचं असतं.'

तू कुठे आहेस असं ती विचारते. मी सांगते, पलीकडे, काम संपवून येतो. काल मी तपकिरी घेवडा शिजवला. डुकराच्या चरबीत, बाबांना आवडायचा तसा. तिने दोन वाट्या खाल्ल्या. मी एक खाल्ली आणि रात्रभर विटांवर बसून होते. पण घेवडा आता आपल्या घरात शिजेल, हे मी ठरवलंय. तुझ्या वाटणीचा, डॉक्टर हो म्हणाले तरच, चमचाभर.

ग्रोनिंगनला छाती उघडायची म्हणाले तर उघडू दे. तिची काळजी मनात घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर चढू नकोस, तिथे ती काही कामाची नाही. काळजी माझ्याकडे दे, माझ्या छातीत आधीच इतकं काही आहे की एक जास्तीचं सहज मावेल.

एक गोष्ट राहिली. दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला येल्त्ये दाराशी जाऊन उभी राहते, जिथून पत्रं आत पडतात तिथे. कुणाचं पत्र हवंय ते तिला सांगता येत नाही. काही पडलं नाही तर जाहिरातीचा कागद उचलून छातीशी धरते. धक्क्यावर मात्र ती आता जात नाही. आउके, रोज लिही. एक ओळ लिही. सुचलं नाही तर कोरा कागद पाकिटात घाल आणि वर तिचं नाव लिही, माझं नको. दारातून काहीतरी तुझं पडू दे.

लवकर लिही.
रेन्स्के